पाचवीचं बाक

दत्तोबा शेलार मास्तरांना कुणी विचारलं, "काय मास्तर, कसं काय?" तर ते एकच उत्तर देत, "चाललंय." त्यात तक्रार नसे आणि आनंदही नसे. टाचेत मोडलेला काटा निघत नाही म्हटल्यावर माणूस चवड्यावर चालायला शिकतो, तसं ते चाललेलं असे. सव्वीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाकडून याहून गोड उत्तराची अपेक्षा करू नये.

खडकवाडी म्हणजे पिंपरी आणि चिखलीच्या मधली साठ-सत्तर उंबऱ्यांची वाडी. शाळा चावडीत भरे. पहिली ते चौथी चारही वर्ग एकाच खोलीत, मास्तर एक आणि पोरं त्रेसष्ट. पहिलीची मुलं मुळाक्षरं घोकत, दुसरीची पाढे म्हणत, तिसरीला शुद्धलेखन घातलेलं असे आणि चौथीच्या कानात हे सगळं एकदम शिरे. तलाठी वसुलीला आला की शाळा उठून चिंचेखाली जाई आणि तो गेला की परत आत येई. शनिवारी मुली घरून शेण आणून जमीन सारवत. बाकीचे दिवस झाडू मास्तरांच्या हातात. त्याशिवाय गावचं टपाल त्यांच्याकडे, मतदारांच्या याद्या त्यांच्याकडे, देवीची लस टोचायला माणूस आला की पळालेली पोरं पकडून आणणं त्यांच्याकडे. अलीकडे परदेशातून दुधाच्या भुकटीचे डबे येऊ लागले होते. तीन दगडांवर पाणी तापवून त्यात ती गुठळ्या न होता कालवायची, हेही त्यांच्याचकडे आलं. सगळं करून वेळ उरला तर शिकवा, असाच जिल्ह्याच्या स्कूल बोर्डाचा एकूण मानस दिसे.

या सगळ्याबद्दल मास्तर कधी बोलत नसत. एका गोष्टीबद्दल मात्र ते बोर्डाला तीन वर्षं अर्ज करत होते, आणि ती म्हणजे पाचवी.

वाडीत शिक्षण चौथीला संपे. पाचवीसाठी चिंचवडला जावं लागे. दोन कोस वाट, मधे रेल्वेचा रूळ, मुंबईचा रस्ता. त्यात पिंपरीला औषधाच्या कारखान्याचं बांधकाम निघाल्यापासून वाटेवर परमुलखातल्या मजुरांच्या झोपड्या पडल्या होत्या. मुलगे जात, निदान निघत तरी. मुली एकही जात नसे. चौथीचा निकाल लागला की मुलीच्या हातातली पाटी तिच्या धाकट्या भावाकडे जाई आणि हातात खुरपं येई. मास्तरांच्या स्वतःच्या लेकीचं, इंद्रायणीचंही तेच झालं होतं. ती चौथी झाली त्या वर्षी त्यांची बदली मावळात अशा गावी झाली, की जिथे चौथीही जेमतेम होती. पुढच्या साली बघू म्हणता म्हणता इंद्रायणी लग्न होऊन वडगावला गेली. सबंध तालुक्याची पोरं शिकवणाऱ्या माणसाची लेक पोस्टकार्ड लिहिताना जोडाक्षराला अडे. ते कार्ड आलं की मास्तर ते दोनदा वाचत आणि बायकोला म्हणत, "खुशाल आहे."

आता या वर्षी चौथीत रंभा होती. अंबूबाईची मुलगी. अंबूबाई विधवा, कारखान्याच्या बांधकामावर खडी वाहायला जाई. रंभा अशी, की दुसरीचे पाढे चुकले की चौथीच्या रांगेतून तोंड न वळवता दुरुस्त करी. अंबूबाईने मास्तरांना सरळ सांगितलं होतं, "गुर्जी, हितं पाचवी निगाली तर बसल माजी पोर. चिच्चवडला न्हाई धाडायची मी. आन् हितं न्हाई निगाली तर कामावर येईल माज्यासंगं."

बोर्डाचं उत्तर ठरलेलं होतं. पाचवीला दुसरा मास्तर लागेल, दुसऱ्या मास्तराला दुसरी खोली लागेल. खोली गावाने बांधावी, मग मास्तर देऊ. आणि गावात खोली बांधण्याएवढा पैसा कुणाच्याच गाठीला नव्हता.

फाल्गुनात एक दिवस सुमनताई आल्या. त्या पुण्याच्या, कारखान्याच्या दवाखान्यात परिचारिका. दुधाच्या भुकटीच्या निमित्ताने महिन्यातून एकदा चक्कर मारत आणि मास्तरांना त्यांचा आधार वाटे, कारण त्या विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ऐकूनही घेत.

"गुरुजी, कारखान्यात एक परदेशी इंजिनिअर आलेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्या पत्नी तिकडे डेन्मार्कला शिक्षिका होत्या. इथल्या बायकांनी मिळून थोडी रक्कम उभी केलीय. एका शाळेला एक खोली बांधून द्यायची म्हणतात. दोन शाळा बघणार आहेत, एक तुमची आणि एक दापोडीकडची. जिथे गरज जास्त, तिथे खोली. मंगळवारी मी त्यांना घेऊन येते. एवढंच करा, जसं आहे तसं दाखवा."

"आहे तसंच आहे," मास्तर म्हणाले. "दाखवायला वेगळं काय आणणार?"

हे बोलताना ते वाडीला विसरले.

पाटील आबाजींना बातमी लागायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. आबाजी माणूस वाईट नव्हे. गावासाठी रात्री-अपरात्री उठणारा. पण गावची इज्जत म्हणजे आपल्या डोक्यावरचा पटका, अशी त्यांची समजूत, आणि तो जरा कलला की त्यांना झोप येत नसे.

"मास्तर, गोऱ्या मडमिनीला शेणानं सारवल्याली भुई दावायची म्हंता?" ते म्हणाले. "तिच्या मुलखात जाऊन काय सांगंल ती? खडकवाडीची पोरं जनावरावानी भुईवं बसत्यात म्हनून?"

"पाटील, तेच दाखवायचंय. गरज दिसली तर खोली मिळणार."

"आसं कुटं आसतं व्हय? सोयरीक बगाया पावनं आलं तर गोठा रिकामा दावतो का आपुन? शेजाऱ्याची बैलजोडी आनून बांदतो. दारात चार मानसं धड दिसली तर पावना दोन पैसं घालतो. उघड्याकडं कोन देतं?"

चावडीत जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या भागात हे इतकं खरं होतं की त्याला कुणी खोटेपणा म्हणत नसे. घरी त्यांनी बायकोला, मंजुळाबाईंना, हे सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापता थापता हसल्या.

"तुमच्या दारातली ती पांढरी खिल्लारी जोडी कुणाची होती हो? माझे वडील त्या जोडीवर भुलले. लग्नानंतर आठ दिवसांनी मी विचारलं, बैल कुठं गेले, तर सासूबाई म्हणाल्या, ज्याचे होते त्याच्याकडं."

"मग फसलीस का तू?"

"फसले तर. पण वडलांनी जोडी बघून मुलगी दिली. ही बाई उलटी दिसते. ती गोठा रिकामा आहे का ते बघायला येतेय." मग भाकरी तव्यावर टाकून त्या म्हणाल्या, "अहो, आपल्या इंदूच्या वेळी कुणी आलं असतं खोली द्यायला, तर मी घरातली भांडीसुद्धा लपवली असती."

मास्तरांना हे पटलं. पटलं तरी सोमवारी ते चिंचवडला गेलेच. आबाजींनी तिथल्या एका शाळेतून दहा बाकं मागायचं ठरवलं होतं आणि हेडमास्तर मास्तराच्या शब्दाशिवाय देईनात. चार वेळा नाही म्हणून पाचव्यांदा हो म्हणण्याइतका माणूस थकलेला असतो, हे आबाजींना माहीत होतं. मास्तरांनी कागदावर सही केली. मन्सूर, ज्याची लॉरी कारखान्याला वाळू टाकी, त्याने बाकं फुकट आणून दिली. उतरवताना एका बाकाचा पाय मोडला. "मास्तरसाब, ये तो गया," मन्सूर म्हणाला आणि त्याखाली दोन विटा लावून ते मागच्या रांगेत ठेवलं. भिंतीवर नकाशा लागला, घड्याळ लागलं, पताका लागल्या. पोरांच्या अंगावर लग्नातले कपडे चढले. बाकावर कसं बसायचं ते मात्र पोरांना ठाऊक नव्हतं. निम्मी मांडी घालूनच बसली.

मंगळवारी इंजिनिअरच्या पत्नी, हॅन्सनबाई, आल्या. उंच, उन्हाने लाल झालेल्या, पायात साध्या वहाणा. त्यांनी सगळं पाहिलं, मुलांची कविता ऐकली, आबाजींनी दिलेला चहा घेतला. मग चिंचेखाली खुर्ची टाकून त्यांनी मास्तरांना बोलावलं. मधे सुमनताई दुभाषी. आबाजी आणि चार मंडळी पाच पावलांवर उभी राहिली, पाहुण्यांपासून इतकंच लांब असावं म्हणून.

मास्तरांनीच पहिल्यांदा विचारलं. सव्वीस वर्षं त्यांच्या मनात असलेला प्रश्न होता. तुमच्याकडे शाळा कशी असते?

बाई सांगू लागल्या. त्यांचं गाव खडकवाडीहून फार मोठं नव्हतं. शाळेत पन्नासेक मुलं, शिक्षक तीन. पुस्तकं सरकारची, वह्या-पेन्सिली सरकारच्या. थंडीत खोली तापवायला कोळसा सरकारचा. झाडलोट करायला एक बाई, तिला पगार.

"झाडायला पगारी बाई?" मास्तरांनी सुमनताईंकडून खात्री करून घेतली. तीन शिक्षकांपेक्षा त्यांना त्या बाईचंच नवल वाटलं.

"सरकार एवढं आणतं कुठून?"

बाई म्हणाल्या, आम्ही सगळे कर देतो. आमच्याकडे देण्याइतकं आहे. माझ्या आजोबांच्या वेळी नव्हतं, तेव्हा आमचा मास्तरही गाय पाळून पोट भरायचा. मग त्यांनी मास्तरांना पगार विचारला. मास्तरांनी सांगितला. बाईंनी बोटांवर काही हिशेब केला, पुन्हा केला, आणि हळूच सुमनताईंशी बोलल्या. सुमनताई घुटमळल्या.

"सांगा ना," मास्तर म्हणाले.

"त्या म्हणतात, बरोबरच असेल असं नाही, पण त्यांच्या अंदाजाने तुमचा वर्षाचा पगार आणि तिकडे एका मुलाच्या शिक्षणावर सरकार वर्षाला खर्च करतं ती रक्कम, साधारण सारखीच आहे."

मास्तर हिशेबाला पक्के. त्यांनी तो मनातल्या मनात पुढे नेला. त्रेसष्ट पोरांमागे सरकारने मला ठेवलंय, आणि मी म्हणजे तिकडचं एक पोर. त्या एका पोराचे त्रेसष्ट वाटे करून माझ्या मुलांना मिळतात. रंभाच्या वाट्याला त्यातलं काय येतं? एखादी पेन्सिल येत असेल.

त्यांना बाईंचा राग आला नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि नेमकं तेच त्यांना सोसलं नाही. गरिबी त्यांनी जन्मभर पाहिली होती, पण तिच्याकडे बघून कुणी डोळे पुसावेत याची त्यांना सवय नव्हती. देश मोकळा होऊन आठ वर्षं झाली होती. चावडीवर झेंडा चढला तेव्हा दोरी त्यांनीच ओढली होती.

तेवढ्यात बाईंनी विचारलं. त्या भोळ्या नव्हत्या. मांडी घालून बसलेली पोरं त्यांनी पाहिली होती. सुमनताईंनी प्रश्न मराठीत आणला, आणि आणताना मास्तरांच्या डोळ्यांत रोखून पाहिलं.

"त्या विचारतायत, ही बाकं तुमच्या शाळेची आहेत का? तुम्ही जे सांगाल ते त्या धरून चालतील."

मास्तरांनी समोर पाहिलं. आबाजी पटक्यावर हात ठेवून उभे होते. चावडीच्या दारात पोरं गोळा झाली होती, सगळ्यांत पुढे रंभा. खरं सांगायला एक शब्द पुरे होता, आणि तो शब्द म्हणजे रंभाची पाचवी होती, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं.

"होय," ते म्हणाले. "आमचीच आहेत. सरकारने दिलीत."

खोली दापोडीकडच्या शाळेला मिळाली. सुमनताई ते सांगायला मुद्दाम आल्या. रागावल्या नव्हत्या, तेच मास्तरांना जड गेलं. "त्यांना तुमची शाळा आवडली, गुरुजी. म्हणाल्या, इथलं सरकार लक्ष देतंय हे बघून बरं वाटलं." मास्तरांनी मान हलवली. आबाजींना कळलं तेव्हा ते दोन दिवस चावडीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "पावनं बैल बगून गेलं, आन् पोरगी तशीच ऱ्हायली. चुकलं मास्तर." चूक कबूल करणारा पाटील मास्तरांनी सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता, पण त्याने काही खोली उभी राहत नव्हती.

नऊ बाकं चिंचवडला परत गेली. मोडकं घ्यायला हेडमास्तर तयार होईनात, तेव्हा त्याची भरपाई गावाने केली आणि ते वाडीचं झालं. सुताराने बाभळीचा पाय बसवून दिला. त्रेसष्ट पोरांत एक बाक म्हणजे रोजची मारामारी, म्हणून मास्तरांनी ते भिंतीला उलटं लावून ठेवलं.

चौथीचा निकाल लागला. रंभा पहिली आली. दाखला न्यायला ती एकटीच आली, आई कामावर होती.

"गुर्जी, येक इचारू?"

"विचार."

"त्या मडमिनीला तुमी व्हय म्हनालासा. बाकं आपली न्हवती की."

मास्तर दाखल्यावर शाईचा टिपकागद दाबत राहिले. खोटं बोलणाऱ्या पोराला ते छडी मारत नसत, भिंतीकडे तोंड करून उभं करत. त्यांनाही त्या घडीला भिंत बरी वाटली असती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "जूनपासून सकाळी सातला ये. शाळा भरायच्या आधी. मी घेतो पाचवी. आईला सांग, कामाची वेळ झाली की सोडतो."

हुकूम नव्हता, पट नव्हता, पगार तर नव्हताच. चार वर्गांनी पाठ वाकलेल्या माणसाने पाचवा वर्ग स्वतःवर दंड म्हणून घेतला. मंजुळाबाईंनी पहाटे एक भाकरी जास्त टाकायला सुरुवात केली. जूनमध्ये मास्तरांनी ते बाक भिंतीपासून सुलटं केलं. खडकवाडीच्या पाचवीत बाक एक, मुलगी एक आणि मास्तर पाव होता. साडेनऊला रंभा उठे, दप्तर चिंचेच्या ढोलीत ठेवी आणि आईकडे खडी वाहायला जाई. पाऊस झोडपत असला तर ओल्या पोलक्याने येई. मास्तर कधी शिकवता शिकवता पेंगत. ती पाटीवर पेन्सिल वाजवी, मग ते जागे होत आणि पुढे सांगत.

कार्तिकात शिक्षणखात्याचे डेप्युटी शाळेच्या तपासणीला आले. त्यांना हद्दीतल्या ऐंशी शाळा बघायच्या होत्या. म्हणून ते सायकलवर पहाटेच निघाले होते आणि शाळा भरायच्या आधीच येऊन टेकले. बाकावर रंभा बसलेली.

"ही कुठल्या वर्गाची?"

"पाचवीची, साहेब," मास्तर म्हणाले. खोटं बोलण्याची हौस त्यांची फिटली होती.

"इथं पाचवीला मंजुरी नाही."

"नाही साहेब."

डेप्युटींनी रंभाकडे पाहिलं, मग पिशवीतलं वर्तमानपत्र काढून तिच्यापुढे धरलं. "वाच."

रंभा उभी राहून वाचू लागली. चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलामुलीस मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्यघटनेत जो संकल्प आहे, त्यासाठी, असं काहीतरी लांबलचक वाक्य होतं. ती कुठे अडखळली नाही. 'संकल्प'मधला अनुस्वारही तिने नीट उच्चारला.

डेप्युटींनी वर्तमानपत्राची घडी घातली. तेही दमलेलेच दिसत होते. "शेलार, नियमाने मला हे बंद करायला लिहावं लागेल," ते म्हणाले. "लिहीत नाही. मी ही मुलगी पाहिलेली नाही. तुम्ही माझ्याकडून एवढंच घ्या."

"खूप झालं साहेब," मास्तर म्हणाले, आणि ते त्यांना खरोखर खूप वाटलं.

साहेब गेल्यावर त्यांनी शेरेबुक उघडलं. 'वर्ग चार. पट एकसष्ट. सारवण स्वच्छ. शाळेस लाकडी बाक एक असून सुस्थितीत आहे. फर्निचरसाठी मागणी करण्याचे कारण दिसत नाही.'

दुसऱ्या दिवशी सातला रंभा आली. परकराच्या टोकाने बाक पुसलं, पाटी मांडीवर घेतली.

"गुर्जी, काय लिवलं सायबानं?"

"आपलं बाक चांगलं आहे, असं लिहिलंय."

"आन् माजं?"

मास्तरांनी शेरेबुक अलगद मिटून फडताळात ठेवलं. सबंध वाडीतलं एक बाभळीच्या पायाचं बाक तेवढं बोर्डाच्या दप्तरी चढलं होतं.

"तुझंही लिहिलंय," ते म्हणाले. "हुशार आहे म्हणून."

रंभा हसली आणि पाटीवर तारीख घालू लागली. हे त्यांचं दुसरं खोटं होतं, आणि पहिल्यापेक्षा ते त्यांना जास्त जड गेलं.